म्हाळूतात्याची पन्नासची लेन्स

म्हाळूतात्यानं माझा पहिला फोटो काढला, पण त्याआधी कानाखाली आवाज काढला. "हसतो काय रे? फोटू अर्जाला लावायचाय का पाळण्याला?" त्या आवाजानं औरंगपुऱ्यातली झाडून सगळी कबुतरं उडाली ती थेट हर्सूलच्या तुरुंगावर जाऊन बसली, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच. पण फोटो असा उतरला की साहेबानं तो बघून मला उभ्या उभ्या कारकून केलं.

तात्याच्या स्टुडिओतून धडधाकट गिऱ्हाईक बाहेर पडत नसे. मान वाकडी असली तर तो ती पिळून सरळ करी. नवरदेव लाजला तर पोटात गुद्दा. "थोबाड खरं कधी दिसतं? दणका बसल्यावर," हे त्याचं शास्त्र. सोयगावकडच्या मेंढपाळाच्या घरातला हा गडी. उराशी भूक एकच: टकरीत दोन एडक्यांची कपाळं भिडतात, तो नेमका क्षण पकडायचा. वीस वर्षं तो क्षण हुकत होता. कधी पापणीभर आधी, कधी पापणीभर नंतर.

मग हमीदभाईच्या दुकानात दोन लेन्स आल्या, एक पन्नासची, एक पंच्याऐंशीची. दोन्ही बिनझूमच्या; जवळ-लांब व्हायचं ते आपल्या पायांनी. पन्नासची जसं आहे तसं दाखवी, पंच्याऐंशीची लांबचं ओढून जवळ आणी. तात्याची ऐपत एकीचीच. हमीदभाईनं दोन्ही एक दिवस वापरून बघायला दिल्या.

"शामकू एक वापस लाना तात्या. पन जो फूटी, वो तुम्हारी!"

"फुटायला मी काय बाहुली नेतोय?"

हर्सूलच्या तळ्यामागं टकरी होत्या. लेन्सची पिशवी माझ्या गळ्यात. तात्या एका एडक्याच्या शेपटीमागं, समोरच्याच्या ऐन वाटेत उभा.

"तात्या, बाजूला व्हा की."

"तू मला एडका शिकवतो व्हय? मेंढीच्या दुधावर वाढलोय मी!"

सकाळभर पंच्याऐंशीची चालली. कपाळं अशी आदळत की तळ्यातले मासे काठावर येऊन बघत. शिंगं तुटली, रक्ताचे शिंतोडे तात्याच्या सदऱ्यावर उडाले. दोनदा तात्यापुढचा एडका कच खाऊन बाजूला पळाला आणि समोरचा सुसाट तात्यावर आला. पण तात्याचा अंदाज पक्का. एडका चौकटीत मावेनासा झाला की उडी! दोन्हीदा तो मांजरासारखा सटकला.

दुपारी पन्नासची चढवली. उडीचा अंदाज मात्र त्यानं सकाळचाच ठेवला आणि तिथंच घात झाला. पंच्याऐंशीतून एडका चौकट भरतो तेव्हा तो पाच पावलांवर असतो. पन्नासातून भरतो तेव्हा तीन. पुढचा एडका पळाला. समोरून रक्तानं माखलेलं काळं धूड सुटलं.

"तात्या, आला!"

"लई लांब हाय अजून!"

खट्. आणि लगेच धाड!

तात्या इतका वर गेला की तो खाली येईस्तोवर माझी बिडी ओढून झाली. तीन बरगड्या, दोन दात. रक्ताची चूळ टाकून त्यानं विचारलं, "कंची फुटली?"

पन्नासची. कडा चेपलेली, काचेच्या कोपऱ्यात तडा. दोन्हींत उजवी कोणती, हे एडक्यानं ठरवून टाकलं होतं.

रोल धुतला. पंच्याऐंशीचे फोटो धारदार, देखणे, आणि सगळेच पापणीभर चुकलेले. पन्नासचा मात्र एकच फोटो. चौकटभर कपाळ, लोकरीत थिजलेलं रक्त, तांबडा डोळा. नेमका भिडण्याचा क्षण! दुसरं कपाळ तेवढं चौकटीत नव्हतं. ते कॅमेऱ्यामागं होतं.

"पंच्याऐंशीतून टक्कर दिसती रे," तात्या पट्ट्या बांधलेल्या छातीनं कण्हत म्हणाला, "बसत नाय."

तो फोटो त्यानं गिऱ्हाइकाच्या खुर्चीसमोर टांगला. तेव्हापासून मारायची गरज उरली नाही. माणसं आपोआप ताठ बसू लागली. त्या तडकलेल्या लेन्सनं त्यानं जन्मभर फोटो काढले, पण स्वतःचा एकही काढू दिला नाही.

म्हणून तात्या गेला तेव्हा हार घालायला फोटोच सापडेना. शेवटी घरच्यांनी एडक्यालाच हार घातला. येणारा प्रत्येक जण हात जोडत होता, बरोबर पाच पावलांवरून.