वैकुंठरथामागची दौड

आमच्या धावक मंडळाची पहिली धर्मादाय शर्यत स्मशानात संपली. ती तिथं संपावी, असं आयोजकांपैकी कुणाच्याही मनात नव्हतं.

शर्यत होती पेठेच्या वैकुंठरथासाठी. हा रथ म्हणजे काचेच्या खिडक्यांची एक म्हातारी व्हॅन. ती हमखास अर्ध्या वाटेत बंद पडायची आणि मग शोकाकुल मंडळींना डोळे पुसत धक्का मारावा लागायचा. (गाडीत असेल तो एकटाच काय तो आरामात असायचा.) नवी गाडी घ्यावी म्हणून मी दौड काढली. मी मंडळाचा संस्थापक. संस्थापक म्हणजे धावणारा नव्हे. मी शाळेत भूगोल शिकवतो आणि शर्यतीत सगळ्यांच्या मागं राहून दमलेल्यांना सांभाळून आणतो. त्या कामाला वेग लागत नाही, म्हणून ते मी स्वतःकडेच ठेवलं होतं.

पुढं वाट दाखवायला गाडी हवी होती. कुणी जीप देईना. तेव्हा मला वाटलं, ज्याच्यासाठी धावायचं तो रथच पुढं असू दे की! असल्या कल्पना मला एकट्यालाच सुचतात आणि मंडळात मला अडवणारं कुणी नाही. रथाचा ड्रायव्हर शिवप्पा म्हणाला, "मी म्होरं हाय की सर. तुमी निवांत या मागनं."

खरी अडचण घरात होती. माझ्या सासूबाईंना धावायचं होतं. वर्षापूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि त्यांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला होता. वैशाली, म्हणजे आमची ही, त्या पहाटे दारात उभी राहून मला म्हणाली, "आईला न्यायचं तर न्या. पण जशी नेताय तशी परत आणा. एक क्षण तिला नजरेआड करायचं नाही."

"मी शेवटी असतो, त्या माझ्यापुढं असतील. नजरेआड कशा होतील?" मी म्हणालो.

सासूबाई रात्रभर खजुराच्या वड्या करत जागल्या होत्या. अंगावर पांढरी साडी, पायांत वैशालीचे गुलाबी बूट आणि थंडीला आडोसा म्हणून, मंडळातले सगळे आणतात तशी, घरची चादर.

शुक्रवार पेठेत त्या दिवशी धुकं असं उतरलं होतं, की समोरच्या दुकानाची पाटी दिसत नव्हती. सोलापुरात असलं धुकं क्वचितच. गल्लीत एकही कुत्रं भुंकत नव्हतं. मी भाषणाला उभा राहिलो. नियम सांगितला, की पुढच्या गाडीला कुणी ओलांडायचं नाही आणि कुणी सोडायचं नाही. मग आरोग्यावर बोललो, समाजावर बोललो, शेवटी मृत्यूवरही थोडं बोललो. विषय निघालाच होता.

भाषण संपवून खाली उतरलो तर सासूबाई नाहीत.

"पुढं गेल्या असतील," कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात शिवप्पानं दिवे लावले आणि रथातून नामजप सुरू झाला. दिव्यांची आणि टेपची वायर एकच होती, हे मला तेव्हा कळलं. टेप जुनी. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा, मधेच लांबणारा. रथ हलला, त्यामागं चाळीसेक माणसं न बोलता पळू लागली आणि बघता बघता धुक्यात विरली. मी मागून भरभर चालत निघालो.

थोड्याच वेळात सगळं विचित्र वाटायला लागलं. चहावाला स्टोव्ह सोडून उठला आणि हात जोडून उभा राहिला. एका दुकानदारानं अर्धं वर केलेलं शटर पुन्हा खाली ओढलं. एका बाईनं लेकराला पदराखाली घेतलं. शर्यतीचं स्वागत टाळ्यांनी होतं, एवढं मला माहीत होतं. इथं जिथं जावं तिथं लोक गप्प होत होते. मी "आई!" अशी हाक मारली. धुक्यातून उत्तर आलं नाही, पण माझ्या मागं चपला वाजल्या.

माझ्या मागं कुणी असायचं कारण नव्हतं. शेवटचा मी होतो! हाकेला मागं वळू नये म्हणतात, चपलांचं काही म्हणत नाहीत, म्हणून मी वळलो. टोप्या घातलेली, पांढऱ्या कपड्यांतली सात-आठ माणसं खाली मान घालून येत होती.

"छातीवर नंबर कुठाय तुमचा?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण बारीक झाला होता.

त्यातले एक आजोबा म्हणाले, "नंबर सगळ्यांचाच लागतोय सर. आज न्हाय तर उद्या."

"तुम्ही पळताय कशाला?"

"पळतंय कोण? पोचवायला चाललोय."

"कुणाला?"

"ते कुटं ठाव हाय. गाडीत चादरीखाली कुणीतरी झोपवलेलं दिसलं काचेतनं. चार पावलं सोबत जावं म्हणलं."

रथ रिकामाच निघाला होता. मी स्वतः बघितलं होतं, भाषणाआधी. पायांखालचा रस्ता मला कळेना. धुकं जरा विरळ झालं तेव्हा दिसलं, की आपण डावीकडं वळायला हवं होतं आणि उजवीकडं वळलोय. (भूगोल मी शिकवतो!) समोर फाटक, आत लिंबाची झाडं आणि पत्र्याची शेड. शिवप्पानं इतकी वर्षं पेठेतून गाडी काढली ती एकाच ठिकाणी नेली होती. त्या दिवशीही हातांनी आपोआप नेली. गाडी लावली की समोर चहा प्यायचा, हीही त्याची सवय. तो चहाला गेला होता. माझे धावपटू नियमाप्रमाणं रथ न सोडता, चादरी पांघरून, वाफाळत उभे होते. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

मी रथाच्या काचेला तोंड लावलं. आत स्ट्रेचरवर कुणीतरी होतं. डोक्यापासून खाली चादर, आमच्या घरची. खालून गुलाबी बूट बाहेर आलेले.

खोटं कशाला सांगू, मला रडू फुटलं. या बाईनं मला कधी जावयासारखं वागवलं नाही, मुलासारखं दटावलं. आणि मी भाषण करत बसलो होतो.

स्मशानातला माणूस बाहेर आला. त्यानं गर्दी बघितली, काचेतून आत बघितलं. "नातेवाईक कोण?"

"मी. जावई."

"पोरगा?"

"नाही त्यांना."

"मग जावई चालतोय," असं म्हणून त्यानं पाण्यानं भरलेलं मडकं आणून माझ्या खांद्यावर ठेवलं. मी ते धरलं. डॉक्टर, दाखला, वैशाली, काही म्हणजे काही सुचत नव्हतं. पोचवायला आलेल्या आजोबांनी टोपी काढली. दोघांनी रथाचं मागचं दार उघडलं. मी आत बघायला वाकलो, ओलं मडकं खांद्यावरून निसटलं आणि फरशीवर फट्‌दिशी फुटलं.

चादर हलली. मग ती हळूहळू उठून बसली. आतून आवाज आला, "संपलं का भाषण?"

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की आमच्या मंडळाचे सगळ्यांत वेगवान गडी फाटकाकडं धावत होते आणि मी त्यांना ओलांडून गेलो. टोपीवाले आजोबा काही काळ माझ्या बरोबरीनं होते, नंतर तेही मागं पडले. मी थेट घराच्या ओट्यावर येऊन कोसळलो.

वैशाली बाहेर आली. माझ्या मागं रस्त्यावर बघितलं. "आई कुठाय?"

मी धाप लागल्याचं नाटक करत राहिलो. ते फारसं नाटक नव्हतं.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी नामजप ऐकू आला. शेजारीपाजारी दारात आले, वैशालीनं चौकट धरली. वैकुंठरथ आमच्या दारात थांबला. शिवप्पाच्या शेजारच्या सीटवरून सासूबाई खाली उतरल्या, हातात चहाचा अर्धा कप. भाषण लांबलं म्हणून जरा आडवं व्हायला आत शिरले आणि डोळा लागला, असं त्यांनी लेकीला सांगितलं. मग लेक माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात जे काही येणार होतं ते मी ओळखत होतो.

"आईला तिथं सोडून आलात तुम्ही? स्मशानात?"

सासूबाईंनीच तिचा हात धरला.

"अगं, बोलू नकोस त्यांना," त्या म्हणाल्या. "मंडळ काढून इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा धावले बिचारे. आणि त्यासाठी मला मरावं लागलं."