काचपट्टी आणि माझं कोपर

आता म्हणे केसाएवढे काचेचे तंतू जमिनीत पुरतात आणि जमीन हळूहळू सरकू लागली की ऑफिसात बसून कळतं. सत्तर सालच्या आसपास आमच्याकडेही काचच होती, पण वीतभर लांबीची पट्टी. कलकत्त्याजवळ बजबजला गंगेकाठच्या एका गोदामाची भिंत नदीकडे कलत होती. भिंतीच्या भेगेवर प्लास्टरने पट्टी आडवी चिकटवायची. पट्टी तडकली की समजायचं, जमीन हलली. रोज बघून वहीत लिहिणं हे माझं काम. पट्ट्या लावायचे एक म्हातारे बंगाली मिस्त्री. सगळे त्यांना दादा म्हणत.

एका दुपारी पट्टीखाली डबा खाताना मला जोरात शिंक आली आणि कोपर लागून पट्टी मोडली. सांगणार, तोच साहेब आले. नागपूरहून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी भेग मोजली. ती होती तेवढीच. मग दादांना विचारलं, "पट्टी ठीक से लगाई थी?"

"चेष्टा तो कोरेछि, शार."

बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. साहेबांचा कान मराठी! "कामात चेष्टा? आणि वर तोंडावर सांगतो?" दादांची रवानगी गेटवर पहाऱ्याला झाली.

माझा जन्म कलकत्त्याचा. दोन्ही अर्थ मला ठाऊक होते. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग मोडली कशी? मी वहीत 'कारण अज्ञात' लिहिलं.

पुढचे चार दिवस पट्ट्या मी लावल्या. एकही संध्याकाळपर्यंत चिकटून राहीना. पाचव्या दिवशी साहेबांकडे जाऊन मी शब्दाचा अर्थ सांगितला. तेवढाच. साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. स्वतः गेटवर गेले. "दादा, चूक माझी. चला, करा चेष्टा!" त्या दिवशी सगळ्यांना साहेबांकडून संदेश ही बंगाली मिठाई मिळाली, आणि पुढे वर्षभर रोज सकाळी कुणी ना कुणी विचारायचंच, "काय दादा, आज चेष्टा केली का?" दादाही खदखदून हसायचे.

त्या दिवशी नवी पट्टी अंगठ्याने दाबून बसवताना ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "एबार कोनुइटा शामले, बाबू." या वेळी कोपर सांभाळून.

त्यांनी पाहिलं होतं. आणि तरी चार दिवस गेटवर बसले होते.

आज ते नाहीत, साहेबही नाहीत. वहीत राहिलेलं इथे लिहितो: पट्टी माझ्या कोपराने मोडली. दादांनी चेष्टाच केली होती, बंगालीतली.