सावळ घाटापलीकडे, समुद्राला हाक

शेतात दगडाची भुकटी पसरायला पेठजवळच्या एका गावाने अजून होकार दिलेला नाही. आधी समुद्रकाठच्या कोळ्यांशी बोलायचे, हा ग्रामसभेचा ठराव कायम झाल्याचे सरपंच सुनीताताईंनी काल फोनवर सांगितले. ठराव झाला त्या दिवशी मी तिथे होतो.

नाशिकच्या इंदिरानगरहून सकाळी निघालो. रस्ता चांगला आहे, पण सावळ घाटात ट्रकांमागे रांगावे लागते. वेळ हाताशी ठेवा. घाटाअलीकडचे पाणी गोदावरीला मिळते, पलीकडचे गुजरातमार्गे अरबी समुद्राला. खाचरांत भात पिवळे पडू लागले होते.

सभा शाळेच्या पडवीत भरली होती. भुकटी पसरू पाहणाऱ्या कंपनीचा अधिकारी समजावत होता: काळ्या खडकाची भुकटी खाचरात पसरायची. पावसात झिजताना ती हवेतला कर्बवायू धरते आणि नदी तो समुद्रात नेऊन मुरवते.

"शिवाय काम गावातच मिळेल," तो म्हणाला.

जो तो शेजाऱ्याशी कुजबुजू लागला. दिवाळीनंतर निम्मे गाव द्राक्षांच्या कामाला पिंपळगावला जाते. ताईंचा भाऊ कैलास उठला.

"ताई, सही कर. यंदा तरी घरी राहू."

"खाचराचा बांध फोडायच्या आधी तू काय करतोस रं?"

"खालच्या खाचरवाल्याला हाक मारतो."

"मंग हे पाणी कुठं जातंय?"

मागून एक आजी म्हणाल्या, "समुद्राला! मार की हाक, गळा तर लय मोठा हाय तुझा."

हशा पिकला. अधिकारी म्हणाला, "ताई, समुद्राला काही होणार नाही."

"नाय ना? मंग कोळ्यांसमोर सांगा."

इथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे, त्यामुळे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. पण कोळ्यांना विचारा, असे कुणी गावाला सांगितले नव्हते. ती अट त्यांनी स्वतःच घातली. हात वर झाले. कैलासचा सर्वांत शेवटी. यंदाही पिंपळगावची गाडी धरायची, हे त्याला कळले होते.

गावात हॉटेल नाही, पेठलाच खाऊन घ्या. मला ताईंनी नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. पैशांचे नाव काढताच कैलासने डोळे वटारले.

पाहुण्यांपुढे मी नाशिकची हवा आणि द्राक्षे मिरवतो. परत आल्यापासून ही सभा आधी सांगतो.

दिवाळीनंतरच्या सभेला कोळी येणार आहेत. त्यांना पेठच्या स्टँडवरून आणायला कैलास पिंपळगावहून एक खाडा करून येईल.