मिठागरातील स्त्रियांचे मौन : एक दुरुस्ती

या लेखाचे शीर्षक मी मुद्दाम कंटाळवाणे ठेवले आहे. ‘मिठागर’, ‘स्त्रिया’ आणि ‘मौन’ हे शब्द टाकून इंटरनेटवर जो कोणी शोध घेतो, त्याला माझा जुना लेख सापडतो. त्याच्या शेजारी हाही सापडावा, एवढीच इच्छा.

जुना लेख मी नवा प्राध्यापक असताना लिहिला होता. जासईजवळच्या मिठागरांत पहिले मीठ ओढण्याच्या दिवशी बायका सूर्यास्तापर्यंत एक शब्दही बोलत नाहीत, अशी प्रथा मी त्यात जगापुढे आणली. जग म्हणजे आमच्या कॉलेजचे वार्षिक नियतकालिक. ते दोनच माणसे वाचत, लेखक आणि मुद्रितशोधक, आणि दुसऱ्याला तरी त्याचा पगार मिळे. पुढे त्याचे गठ्ठे ग्रंथालयाच्या माळ्यावर गेले आणि वाळवीने त्यांची दखल घेतली. मी निर्धास्त झालो. मग माझ्या निवृत्तीनंतर कॉलेजने नियतकालिकाचे ई-जर्नल केले, कोणीतरी उरलेसुरले अंक स्कॅन करून त्यात टाकले आणि वाळवीचे काम अर्धवट राहिले.

हे मला कळले एका मुलीमुळे. पीएचडी करणारी, त्याच मिठागरांच्या गावची. माझा पत्ता शोधत ती नेरुळच्या आमच्या फ्लॅटवर आली. दार मीच उघडले. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाली, “सर, तुम्ही आहात? मी प्रस्तावनेत तुम्हाला ‘कै.’ लावलंय.”

“राहू दे,” मी म्हणालो. “प्रबंध पूर्ण होईपर्यंत लागेलच.”

तिने लॅपटॉप उघडला आणि ई-जर्नल कशी शोधायची ते मला दाखवले. मी टाइप केले, ‘कृपया मिठागरांतील स्त्रियांविषयीचा माझा लेख मिळावा’. ती कपाळावर हात मारून म्हणाली, “सर, अर्ज करताय का? फक्त महत्त्वाचे शब्द टाका. आणि ‘कृपया’ काढा, नाहीतर कृपेवरचे सगळे लेख येतील.” तेवढ्यात ते आलेही होते. अध्यात्मावरचे पुष्कळ साहित्य आले.

शेवटी माझा लेख दिसला. पहिला परिच्छेद फुकट होता. पुढचे वाचायचे तर पैसे भरा किंवा आपल्या संस्थेमार्फत आत या, अशी सूचना होती. माझी संस्था म्हणजे आता आमची सोसायटी. तिच्यामार्फत फार तर पार्किंगमध्ये आत जाता येते. मुलीने तिच्या विद्यापीठाचा पासवर्ड टाकला, तेव्हा कुठे मला मी वाचायला मिळालो.

लेखाखाली एक दुवा होता, याचा उल्लेख करणारे लेख. मी तो दाबला आणि यादी खाली सरकतच राहिली. कोणी ते मौन म्हणजे प्रतिकार आहे असे लिहिले होते, कोणी शोषण आहे असे. दोघांचे एकमेकांशी जोराचे भांडण चालले होते. एका दूरदेशच्या बाईंनी लिहिले होते की मीठ आणि भाषा दोन्ही बाष्पीभवनातून घडतात. यांतल्या बहुतेकांना मराठी येत नव्हती. लेखाच्या सुरुवातीला इंग्रजीतला सारांश होता, त्यावर हे सगळे उभे होते.

“माझा प्रॉब्लेम वेगळाय, सर,” ती म्हणाली. “माझी आजी त्याच आगरावर कामाला होती. तिला विचारलं तर ती हसायलाच लागली.” तिने मोबाइलवरचे रेकॉर्डिंग लावले. त्यातून खणखणीत आवाज आला, “आमी आनि गप? आगरावर? अगं, बोलत नाय तं हात चालल कसा?”

तिच्या मार्गदर्शकांनी हे ऐकले होते. त्यांचे मत असे पडले की आजी ही माहिती आहे आणि सरांचा लेख हा संदर्भ आहे. आजी कुठल्याही ई-जर्नलमध्ये नसल्यामुळे, प्रथेची स्मृती समाजातून पुसली गेली, असे प्रकरण मुलीने लिहावे.

“सर, तुम्ही स्वतः बघितलं होतं ना?”

“हो,” मी म्हणालो.

खोटे नव्हते. मी बांधावर गेलो तेव्हा बायका खरोखर गप्प होत्या. फावडी चालत होती, मीठ ओढले जात होते, आणि कोणी माझ्याकडे मान वर करून पाहत नव्हते. मी विचारले त्याला उत्तर आले नाही. बांधावर भेटलेल्या एका गृहस्थाने एवढेच सांगितले की आज पहिले मीठ आहे. मी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि आनंदाने परत फिरलो. मी बांधाच्या टोकाला पोचतो न पोचतो तोच मागे एकदम बोलण्याचा आणि हसण्याचा कल्लोळ उठला. तो मी ऐकला. सूर्य डोक्यावर होता. घरी येऊन मी ‘सूर्यास्तापर्यंत’ असे लिहिले.

मुलीला तोंडावर हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी भित्र्या माणसाचा मार्ग धरला आणि शोधनिबंध लिहिला. जुन्या लेखातील निरीक्षण अपुरे व निष्कर्ष चुकीचा आहे, असे लिहून तो त्याच ई-जर्नलकडे पाठवला. तिथे तपासनीसांना लेखकाचे नाव कळू देत नाहीत. अभिप्राय आले. पहिल्या तपासनीसाने लिहिले होते की लेखकाने या विषयावरील मूळ लेख नीट वाचलेला दिसत नाही. दुसऱ्याने लिहिले होते की मूळ संशोधकाविषयीची भाषा अकारण कडवट आहे, आणि ते हयात नसल्याने स्वतःची बाजू मांडू शकत नाहीत, याचे भान हवे. लेख नाकारला. माझी बाजू इतक्या तळमळीने आयुष्यात कोणी घेतली नव्हती.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. आवाज उतरलेला होता. “सर, आजीला सोमवारी वाशीला नेतोय. मेमरीच्या डॉक्टरकडे. पप्पांनी तुमच्या लेखाचा फुकटचा परिच्छेद मोबाइलवर वाचला. मध्यंतरी ती गॅसवर दूध विसरली होती, त्यात हे. आता ती काही सांगायला लागली की मधेच थांबते आणि विचारते, असं झालं होतं ना गं? काल म्हणाली, छापलंय तं असंल, मीच इसरले.”

दूध मीही विसरतो. मला कोणी डॉक्टरकडे नेत नाही, कारण माझ्याविरुद्ध छापील पुरावा नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने गेलो. कंटेनरच्या ट्रेलरांमागे अडकत अडकत जासई आले. ओटीवर आजी वाटाणे सोलत बसल्या होत्या. नात शेजारी, आजींचा मुलगा नुकताच कंटेनर यार्डातून ड्यूटी संपवून आलेला. मी नमस्कार केला. “आजी, तो लेख लिहिणारा मी.”

“आजी कुनाला बोलतंस रं? तुजं तरी दात कुटं हायत?”

मुलगा ओशाळला. “आये, सर हायत ते.”

मी उभ्यानेच सगळे सांगितले. तुमचे हसणे मी ऐकले होते आणि ते लिहिले नाही, हेही. त्यांचे हात थांबले. त्या पुढे झुकून माझे तोंड न्याहाळू लागल्या.

“काखंत पिशवी, हातात वही, आनि चिखलात बूट घालून आल्ता, तो तू?”

“मीच.”

“अरं, तो तं मोजनीवाला!” त्या नातीकडे वळल्या. “तवा नव्या शहराचं चाल्लं व्हतं. वहीवाला दिसला का कोनी तोंड उघडाचा नाय, असं ठरलंच व्हतं. एक शब्द बोललं का उद्या जमीन गेली. तो गेला आनि आमी जी हसलो!” मग माझ्याकडे पाहून, “किती रं वाकून वाकून बघत व्हतास. माजी जाऊ बोलली, याचं काय तरी हरवलंय.”

नातीने मोबाइल कधीच पुढे सरकवला होता. “आजी, जमीन वाचली मग?”

“कुटं वाचली? गप राहून बी गेलीच.”

आजींनी पुढची शेंग सोलली. मग म्हणाल्या, “म्हंजे मी इसरले नव्हते.”

“नाही,” मी म्हणालो. “तुम्ही काहीच विसरला नव्हता.”

“याला सांग.” त्यांनी वाटाण्याची शेंग मुलाकडे रोखली. “मोठ्यानं सांग.”

मी मोठ्याने सांगितले. मुलगा मान खाली घालून ऐकत होता, तरी खिशातला मोबाइल काढून म्हणाला, “पन सर, साइटवर अजून तसंच हाय ना?”

“तसंच राहणार. मी दुरुस्ती पाठवली होती, त्यांनी घेतली नाही.”

“तुमचीच?”

“माझीच.”

त्याने मोबाइलकडे पाहिले, मग आईकडे. त्याच्या डोळ्यांसमोर दोन पुरावे होते, आणि एक वाटाणे सोलत होता. शेवटी त्याने दवाखान्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडच्या मुलीने आजींचे नाव, वेळ सगळे शोधून काढले. “अपॉइंटमेंट कॅन्सल करायचीय ना? रिझन सांगा. दोनच ऑप्शन आहेत, ‘पेशंटला बरं वाटतंय’ किंवा ‘तारीख जमत नाही’. कुठलं टाकू?”

मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी आयुष्यभर संदर्भ देत आलो; या वेळी आजींकडे बोट दाखवले.

“दुसरा टाक,” आजी फोनकडे वाकून म्हणाल्या. “आजारी नव्हतेच, तं बरं कसं वाटंल?”