अप्पांचा ताफा

१२ जानेवारी, रविवार. हजर: मन्मथअप्पा, जगताप सर, मी. जागा: अंबाजोगाई, आमच्या घरचं जेवणाचं टेबल. खेळ: अंतराळयुद्धाची मोहीम, ताफ्याची लढाई.

अप्पांचं हार्डवेअरचं दुकान. सर कॉलेजात फिजिक्स शिकवतात, अप्पांचे शाळेपासूनचे सोबती. खेळाचे नियम सरांनी आणले, जहाजं अप्पांनी दुकानातून: लढाऊ म्हणजे वायसर चढवलेले बोल्ट, मालवाहू म्हणजे पीव्हीसीचे सॉकेट. प्रत्येक मालवाहू जहाजाला त्यांनी गावाचं नाव दिलं होतं. टेबलावरची काळी चादर म्हणजे अवकाश, खिडकीकडची कड म्हणजे अप्पांचं बंदर. चाली लिहून ठेवणं आणि नियम बघणं माझ्याकडे.

कुठलीही चाल करण्याआधी अप्पा टेबलाला वळसा घालून ताफ्याच्या शेपटीशी जाऊन उभे राहत. डायलिसिस सुरू झाल्यावर भिंतीला हात लावत जात, पण जात. म्हणत, "आदी मागं बघावं. ताफ्याचा येग म्हंजी शेवटच्या गाडीचा येग."

त्या रविवारी सरांच्या माऱ्यात 'पाली'चं इंजिन गेलं. पाली रिकामं जहाज. ते बुडालं तरी अप्पांचे गुण जात नव्हते. बाकीची जहाजं खिडकीजवळ पोचली होती. अप्पांनी आपली उरलेली एकुलती लढाऊ नौका मागे वळवली.

"येडा झालास का बे अप्पा?" सर म्हणाले. "रिकामं हाय ते. सरळ जा, जिंकतोस."

"मालानं रिकामं हाय. चालवणारी माणसं हायतच की."

"माणसं? सॉकेट हाय ते, तुज्याच दुकानातलं!"

"मंग तुला कावून एवढी घाई? ताई, लिवा. मागं वळलो."

सर हसता हसता थांबले. अप्पा मागे का वळले, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दुकानात माझे खिळे तोलता तोलता अप्पांनी ते एकदा सांगितलं होतं. त्यांच्या लग्नाचं वऱ्हाड शिरूर कासारहून परत येत होतं. नवरदेवाची गाडी पुढे, थोरल्या भावाची जीप सगळ्यात मागे. "वाटंत हाटेलाला थांबलो. वडे खाल्ले, फोटू काडले. मंग कुणीतरी मोजल्या गाड्या. जीप वळणावर खाली गेलती. लोक म्हणले, दादा बराच येळ जिता होता, पाणी मागत होता. आमी वडे खात होतो." मग काटा बघून त्यांनी दोन खिळे आणखी टाकले.

खेळ थांबवताना अप्पांना धाप लागली होती. "फुडच्या चालीत पालीला दोर लावतो. दोघं मिळून घरी. टेबल हलवू नका, ताई." गुरुवारी डायलिसिस चालू असतानाच ते गेले. मातीला अख्खी बाजारपेठ आली होती.

पुढच्या रविवारी सर आले. "अप्पा जिंकला असं लिहा."

"अप्पांना चाललं असतं?"

सर म्हणाले, "मग त्याच्याकडून तुम्ही खेळा."

मी पट्टी लावून बघितली. अवकाशात ब्रेक नसतो. हुकूम न मिळालेलं जहाज आहे त्याच दिशेने, त्याच वेगाने जात राहतं. तसं सोडलं तर अप्पांची नौका पालीच्या बाजूने वीतभर अंतरावरून निघून जाते, थेट सरांच्या तोफांसमोर. हुकूम मी देऊ शकते. पण दोर बसला की नाही ते फाशावर ठरतं. पाच किंवा सहा पडलं तर दोन्ही जहाजं घरी. नाहीतर दोन्ही जातात. सरांनी फासा उचलला, मुठीत धरला आणि परत टेबलावर ठेवला.

तेव्हापासून आम्ही स्वयंपाकघरात खाली बसून जेवतो. चादरीवरची धूळ मी जहाजांना धक्का न लावता ब्रशने काढते. सर रविवारी येतात, चहा घेतात आणि टेबलाला वळसा घालून पालीमागे उभे राहतात. या आठवड्याची बाकी कामं झाली. गॅस आला, वीजबिल भरलं, गहू दळून आणले. एक राहिलं आहे: अप्पांच्या चालीचा फासा टाकणं.