घरचा पोल, मीनलची मान आणि नौपाड्याची एक फेरी

डोंबिवलीकराने ठाण्याला जाण्याचं प्रवासवर्णन लिहावं असं त्यात काही नाही. तरी लिहितेय, कारण माझ्या पोल डान्सच्या पोस्ट वाचून तुमच्यापैकी बऱ्याच जणी विचारता, "घरीच पोल लावला तर?" हा एक दिवस वाचा, मग ठरवा.

मीनल आणि मी ठाण्याच्या क्लासला एकत्रच लागलेलो. दोघी चाळिशीला टेकलेल्या. ती कल्याणच्या एका लॅबमध्ये रक्त घेते. लहान मुलांची, म्हाताऱ्यांची न सापडणारी शीर तिला बोटाने सापडायची. उन्हाळ्यात तिने घरी पोल घेतला, भोकं न पाडता जमीन आणि छत यांच्यामध्ये दाबून बसवायचा. वर पीओपीचं खोटं छत होतं. ती उलटी लटकलेली असताना पीओपी खचलं, पोल सुटला आणि ती डोक्या-खांद्यावर आपटली. खाली मॅट नव्हती. उजवं मनगट मोडलं. तिच्या सासूबाईंनी शेजारी आणि हाडांचे डॉक्टर, दोघांनाही एकच सांगितलं, "बाथरूममध्ये पाय घसरला." मीनलही तेच म्हणत राहिली.

प्लास्टर निघालं, पण बोटांचा बधिरपणा जाईना. म्हणून नौपाड्यातल्या फिजिओथेरपिस्टकडे जायचं ठरलं. सोबत मी.

सकाळी रिक्षाने कल्याणला जाऊन तिला घेतलं आणि कॅब केली. एसटी स्वस्त पडते, खोपटला उतरून नौपाडा जवळच. पण दुखणाईत माणसाला घेऊन तो मार्ग धरू नका. भिवंडीकडे ट्रॅफिक म्हणून ड्रायव्हरने शीळफाट्याकडून गाडी घातली. सगळीकडे खोदकाम, पुढे-मागे ट्रेलर, काचेवर धूळ. प्रत्येक खड्ड्याला मीनल डाव्या हाताने मान धरत होती.

"मान पण दुखते?" मी विचारलं.

"उशी बदलली ना, म्हणून असेल."

फिजिओथेरपिस्ट बाई वयस्क होत्या. त्यांनी मीनलची बोटं एकेक करून दाबली, मग मान अगदी हळू एका बाजूला कलवली. मीनल कळवळली.

"कशा पडलात?"

"बाथरूममध्ये. पाय घसरला."

"डोकं आपटलं होतं?"

मीनलने माझ्याकडे पाहिलं. सांगायचं की नाही, ते तिचं तिनेच ठरवायचं होतं.

"मी पोलवरून पडले," ती म्हणाली. "पोल डान्स करते. उलटी लटकले होते तेव्हा."

मला वाटलं, आता बाई हसतील, नाहीतर कपाळाला आठ्या घालतील. त्यांनी फक्त विचारलं, "किती उंचावरून?"

मग म्हणाल्या, "आज व्यायाम काही नाही. आधी मानेचा एमआरआय करून या. मनगटाच्या नादात मानेकडे कुणी बघितलेलंच दिसत नाही."

"बोटांना जाणीव परत येईल ना? मला शीर शोधावी लागते."

"काही अंशी येईल. सगळी येईल असं मी नाही सांगू शकत. हे तेव्हाच कळलं असतं, तर..."

बाहेर पडून थालीपीठ खाल्लं. नौपाड्यात ते छान मिळतं, एवढं लिहिते. चव मला आठवत नाही. मीनल डाव्या हाताने तुकडे मोडत होती.

"क्लासवर जाऊया," ती अचानक म्हणाली.

आमची ट्रेनर गौरी एकटीच होती. मीनलने मान वर करू नये म्हणून तिने मलाच वरची जोडणी दाखवली. पोल स्लॅबमध्येच स्क्रूने बसवायचा, पीओपीवर कधीच नाही. खाली जाड मॅट हवी. दमट हवेत हात घसरतात, स्टीलपेक्षा पितळेवर पकड बरी मिळते. आणि घरात कुणी नसताना उलटं व्हायचं नाही. हे सगळं तुमच्यासाठी लिहून घेतलं.

मीनलने उजव्या हाताची बोटं पोलवर ठेवली.

"गार आहे का गं हा?"

मी हात लावला. एसीमुळे चांगलाच गार होता. "हो," मी म्हणाले. तिने हात काढून घेतला.

कॅबनेच परतलो. कल्याणला सासूबाईंनी दार उघडलं.

"काय म्हणाले?"

"आई, मी त्यांना खरं सांगितलं."

सासूबाईंनी खाली बसून मीनलच्या सँडलचा पट्टा सोडवला. "शेजारी नको बोलूस," एवढंच म्हणाल्या.

एमआरआयमध्ये मानेतली नस दबलेली निघाली. दुखणं आता कमी आहे. पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट अजून बधिर आहेत. लॅबने तिला काउंटरवर बसवलंय, ट्यूबवर नावं चिकटवायला. सुईच्या खोलीत दुसरी मुलगी आलीये.

मी घरी पोल लावला नाही. क्लास सोडलेला नाही. मीनलला हे सांगायचं कसं, या विचारात होते, तर परवा तिनेच फोनवर विचारलं, "जातेस ना?"

"जाते."

"जा. आणि पडलीस, तर कशावरून पडलीस ते सांग."