पायथ्याचा नारळ

डोंगर चढण्याआधी रानाच्या राखणदार देवाच्या दगडापुढे नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, ही आमच्या गावची रीत. घरातला मोठा माणूस देवाला मागणं सांगतो, बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मोठा म्हणजे माझा दादा. आणि दादाशी मी दोन वर्षं बोलत नव्हतो.

कारण सांगतो. थोरल्या पुतणीच्या लग्नाची बैठक झाली, तेव्हा त्याने मला बोलावलं नाही. मालवणच्या बाजारात टोपली घेऊन बसण्यापासून सुरुवात करून मी स्वतःचं दुकान उभं केलं. भाव कुठे ताणायचा आणि कुठे सोडायचा, हे मला शिकवणारा अजून भेटायचा आहे. आणि घरातल्या एवढ्या मोठ्या बैठकीला मीच नाही! वर हा सगळ्यांना सांगत सुटला, "तो इलो तर सोयरीक मोडतली." लग्नात मी अक्षता टाकल्या आणि न जेवता निघालो. आता धाकटीची बैठक तोंडावर आली होती, आणि मला निरोप नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत, ऐन गिऱ्हाइकाच्या दिवसांत, बायकोने दुकान बंद करायला लावलं आणि मला सावंतवाडीपलीकडे गावी नेलं. धाकट्या पुतणीला डोंगरावर जायचं होतं. काका हवाच, म्हणाली. तिला नाही म्हणता येईना.

दादाने नारळ ठेवला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां तुझ्या रानात चालली हत. जाती तशी सुखरूप घराक परत हाड. आणि जो कोण रागान फुडे धावता, तेका ठेच लागाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. बायको सगळ्यांत मोठ्याने. मी तोंड मिटून घेतलं आणि पुढे सुटलो.

काजूची बाग संपली आणि रान डोक्यावर मिटलं. बाहेर ऊन तापलं होतं. आत पाठीवरचा घाम गार झाला. गारंबीचे वेल माझ्या मांडीएवढे जाड, या झाडावरून त्या झाडावर गेलेले, आणि त्यांना हातभर लांब शेंगा लोंबत होत्या. व्हाळाचं पाणी इतकं नितळ की तळातले खडे वेचावेत. दरीवरून धनेशाची जोडी गेली, तेव्हा लोहाराचा भाता चालावा तसा पंखांचा आवाज आला. मी मान वर करून उभाच राहिलो. माल समोर आला की आधी खोट शोधायची, ही माझी जन्माची सवय. इथे शोधूनही सापडेना.

माथ्यावर पोचलो तर पश्चिमेला समुद्राची रेघ चमकत होती. मी धापा टाकत बसलो होतो. मागून दादा आला. साठी उलटलेला माणूस, पायथ्याशी ज्या चालीने निघाला त्याच चालीने वर आला. वाटेत कुठे टेकला नव्हता. माझ्या शेजारी उभा राहून तो समुद्राकडे बघू लागला.

"बरा दिसता," तो म्हणाला.

"दिसता," मी म्हटलं. दोन वर्षांनंतर बोलणं झालं ते एवढंच.

उतरताना धाकटी आणि दिवाळीला माहेरी आलेली थोरली पुढे पळत होत्या आणि दादा त्यांना हाका मारून मारून दमला. पायथ्याशी आलो तेव्हा त्याचा आवाज पार फाटला होता. परतीचं गाऱ्हाणं राहिलं होतं. त्याने नारळ उचलून माझ्या हातात दिला.

"माझो घसो बसलो. तू घाल."

मी दगडासमोर उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा, गेली तशी परत हाडलंस, तुझे उपकार."

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या दादाच्या पायात अशीच ताकद ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा!"

"आणि धाकटीच्या बैठकीक तेच्या बाजूक तेच्या भावाक बसव रे म्हाराजा!"

सगळे दादाकडे बघू लागले. धाकटीने तोंडावर हात धरला. राखणदारासमोर घातलेल्या मागण्याला नाही म्हणायची सोय नसते, हे दादाला माझ्याइतकंच ठाऊक. त्याने दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"व्हय म्हाराजा," तो बसलेल्या घशाने म्हणाला. मग हळूच, "पण थंय गप बसशीत मा रे, मेल्या?"

"ता गाऱ्हाण्यात नाय," मी म्हटलं आणि नारळ फोडला.